आडवाटेने चालणारे मन आणि सरळ ठेवायचे दप्तर

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी यंत्रमाग कामगारांच्या मजुरीवर बोलेन अशी त्यांची कल्पना होती. तीस वर्षे मी तेच करीत आलो आहे, आणि त्या विषयावर मला झोपेतून उठवले तरी तासभर बोलता येईल. पण मी त्यांना कळविले, की या खेपेस मला माझ्या एका खोडीवर बोलायचे आहे. माझे मन सरळ रस्त्याने चालत नाही. ते आडवाटेने जाते. अशा मनाच्या माणसाने आपल्या कामाची व्यवस्था कशी ठेवावी, हा आजचा विषय. चालकांनी तो मान्य केला, पण एक सूचना दिली : "विषय सोडून जाऊ नका." त्यांनी माझी पूर्वीची भाषणे ऐकलेली असावीत.

माझी शाळा सातवीत सुटली. इचलकरंजीत कांड्या भरायला लागलो, मग मागावर उभा राहिलो. वाचायचा नाद होता. वाचनालयात जे पुस्तक हाती येई ते वाचले. अर्थशास्त्र आधी आणि अंकगणित मागून, असा माझा शिक्षणक्रम आहे. त्यामुळे पुष्कळ वर्षे मला वाटे, की माझ्या डोक्यातला गोंधळ हा शाळा सुटल्याचा परिणाम असावा. पुढे मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या माणसांतही हाच गोंधळ पाहिला, तेव्हा ती समजूत गेली.

आडवाटेने जाणे म्हणजे काय होते, ते सांगतो. रविवारच्या सभेचे हस्तपत्रक लिहायला बसावे. "महागाई भत्ता" हा शब्द लिहिला, की महागाईचा निर्देशांक कसा काढतात ते आठवते; निर्देशांकावरून ज्वारीचा भाव, ज्वारीवरून यंदाचा पाऊस, पावसावरून कोयनेची वीज, विजेवरून मागांना बसलेली दरवाढ. प्रत्येक दुवा खरा असतो, एकही ओढूनताणून आणलेला नसतो. मध्यरात्रीपर्यंत चार पाने होतात. एकदा असे पत्रक छापूनच आले. त्यात महागाई भत्त्याचा फार चांगला इतिहास होता; सभेची वेळ तेवढी राहिली होती.

हसण्यावारी नेण्यासारखा हा दोष असता तर मी आज उभा राहिलो नसतो. आणि तो नुसता दोष असता तर केव्हाच टाकून दिला असता. वाटाघाटींच्या टेबलावर या खोडीनेच मला अनेकदा हात दिला आहे. मालकपक्ष एकदा सांगत होता, की उत्पादन एकतृतीयांशाने घटले. माझे लक्ष भलतीकडे होते. काही महिन्यांपूर्वी दुसऱ्याच एका तंट्यात त्या कारखान्याची वीजबिले माझ्या हाताखालून गेली होती, ती आठवत होतो. मी विचारले, "कापड घटले, मग युनिट कसे वाढले?" त्या दिवशीची बोलणी तिथेच फिरली. सरळ चालणाऱ्या माणसाला ते बिल आठवले नसते, कारण ते त्या दिवशीच्या फाइलीत नव्हते.

आता दुसरी बाजू. २००८ सालची गोष्ट आहे. एकोणीस वर्षे माग चालवलेल्या एका कामगाराला कामावरून कमी केले. तो माझ्याकडे आला; हजेरीची कार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळे एका पिशवीत घालून देऊन गेला. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार ९० दिवसांच्या आत दाखल करावी लागे. उशीर झाला तर न्यायालयाला पटेल असे कारण दाखवावे लागे. मुदत मला पाठ होती. तक्रार लिहायची म्हणून मी त्याची कार्डे मांडून बसलो, आणि माझ्या ध्यानात आले, की चार वर्षांत कार्डावर कारखान्याची तीन नावे आहेत. माग तेच, छप्पर तेच, जॉबर तोच. नावे मात्र निराळी. भविष्य निर्वाह निधीचा कायदा २० कामगार झाले की लागू होतो. म्हणून एका छपराखाली चार कारखाने दाखवायचे आणि प्रत्येकात पंधरा-सोळा माणसे ठेवायची, हा तो खेळ होता. मला विलक्षण आनंद झाला. मी शेजारच्या कामगारांची कार्डे मागवली, याद्या केल्या, अर्ज लिहिले. त्या आडवाटेतून पुढे त्या छपराखालच्या सगळ्यांना भविष्य निर्वाह निधी लागू झाला, हेही खरे आहे.

परंतु ज्याच्या कार्डावरून हे सापडले त्याची तक्रार त्याच निधीच्या गठ्ठ्यात राहिली. ती वर आली तेव्हा एकशेचार दिवस झाले होते. विलंब माफ व्हावा म्हणून अर्ज केला. कारण काय लिहिणार? कामगार आजारी नव्हता, परगावी नव्हता. त्याने वेळेवर कागद दिले होते. अर्ज फेटाळला गेला, आणि योग्यच फेटाळला गेला. मग दुसऱ्या कायद्याच्या लांबच्या वाटेने गेलो. २०१३ साली तडजोड झाली, आणि एकोणीस वर्षांच्या मानाने फार थोडे पदरात पडले. तो कामगार मला कधी एक शब्द बोलला नाही. त्याची बायको बोलली. माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहून तिने विचारले, "दादा, ह्या पिशवीत अजून किती जणांचे कागद हाईत?"

मी त्या रात्री पिशवी उलटी केली आणि मोजले. सत्तावीस जणांचे होते.

तेव्हापासून मी व्यवस्थेच्या मागे लागलो. सुरुवात सगळे करतात तिथूनच केली : विषयवार फाइली. मजुरी, बोनस, निधी, अपघात, घरे अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. महिनाभरात त्या फाइली निरुपयोगी झाल्या. का झाल्या, याचे उत्तर मला ग्रंथालयशास्त्रात मिळाले. (वाचनालयाच्या ग्रंथपालांशी मैत्री असणे हा माझ्यासारख्यांच्या शिक्षणाचा निम्मा भाग असतो.)

एक पुस्तक कल्पनेत घ्या : विडी वळणाऱ्या सोलापूरच्या स्त्रियांचे छातीचे आजार. हे वैद्यकाच्या कपाटात ठेवाल, कामगारांच्या, स्त्रियांच्या, का सोलापूरच्या? कुठेही ठेवले तरी तीन कपाटांत ते हरवलेलेच राहते. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली दशांश पद्धत काढली, ती जगभर गेली. तिच्यात ज्ञानाचे आधी दहा भाग, त्यांचे दहा, पुन्हा त्यांचे दहा, असे झाडाच्या फांद्यांसारखे फाटे आहेत. आपल्या देशातले शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हा मुलांचा खेळ पाहिला : त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडाल तशी गाडी, पूल किंवा पाळणा. त्यांना वाटले, विषयही असेच जोडून तयार व्हावेत. १९३३ साली त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. विषयाची अंगे वेगळी मांडायची, म्हणजे कोणाविषयी, कोणती क्रिया, कोणते स्थळ, कोणता काळ, आणि त्यांचे आकडे द्विबिंदूने जोडायचे. पुस्तक शेवटी एकाच फळीवर बसते, पण त्याच्या आकड्यात सगळी अंगे उघडी राहतात.

माझ्या फाइली का मेल्या, ते यावरून उमजले. त्या बडतर्फ कामगाराचा कागद एकाच वेळी बडतर्फीचा होता, निधीचा होता आणि बनावट नावांचाही होता. मी तो निधीत ठेवला, कारण त्या दिवशी माझे मन निधीत होते. विषयवार फाइल ही ठेवणाराच्या त्या दिवशीच्या मनाला कळते. काढणाराच्या मनाला कळत नाही. दोघे एकच गृहस्थ असले तरी.

काही मित्र म्हणाले, फाइली सोड, लक्षात ठेव. तुझी स्मृती चांगली आहे. माझी स्मृती चांगली आहे हे खरे, पण स्मृतीत पुष्कळ असणे निराळे आणि एका वेळी मनापुढे धरून ठेवणे निराळे. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली एक प्रसिद्ध लेख लिहिला. त्यात माणूस एका दमात धरू शकतो अशा गोष्टींची संख्या सात, दोन इकडे किंवा तिकडे, अशी मांडली होती. पुढे २००१ साली नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणून ठेवला. चार! आणि माझ्या पिशवीत सत्तावीस होते. पाचवी गोष्ट आली, की पहिलीला दार उघडून बाहेर जावे लागते. आडवाटेने चालणाऱ्याकडे पाचवी गोष्ट दर मिनिटाला येते.

इथे मला एका थोर माणसाची गोष्ट सांगितली पाहिजे. कामगार चळवळीतल्या माणसाने कार्ल मार्क्सचे नाव काढले, की श्रोते सावरून बसतात. पण आज मी त्याचे तत्त्वज्ञान सांगणार नाही, त्याचे टेबल दाखवणार आहे. १८४५ च्या फेब्रुवारीत मार्क्सने डार्मस्टाटच्या एका प्रकाशकाशी अर्थशास्त्रावरील दोन खंडांच्या ग्रंथाचा करार केला आणि पैसेही घेतले. हस्तलिखित काही आले नाही. १८४७ साली करार मोडला. १८५१ च्या एप्रिलमध्ये त्याने एंगल्सला कळविले, की हे अर्थशास्त्राचे काम आता पाच आठवड्यांत हातावेगळे होईल. पाच आठवड्यांची पुढे सोळा वर्षे झाली. १८५७-५८ च्या हिवाळ्यात सात वह्या भरल्या. १८५९ साली त्यातून एक लहानसे पुस्तक निघाले. १८६० साली एका निंदकाला उत्तर देण्यात जवळजवळ वर्ष गेले. त्या उत्तराचे एक भले मोठे पुस्तकच झाले, जे आज कोणी वाचत नाही. अखेर १८६७ साली 'भांडवला'चा पहिला खंड हॅम्बुर्गला प्रसिद्ध झाला. दारिद्र्य होते, आजार होते, मुले दगावली होती; ते सगळे हिशेबात धरले पाहिजे. परंतु त्याखेरीज ही आडवाटही होती. जमिनीच्या खंडाविषयी लिहायचे म्हणून त्याने पन्नाशी उलटल्यावर रशियन भाषा शिकायला घेतली. नुसत्या रशियन आकडेवारीच्या पुस्तकांनी दोन घनमीटरांहून जास्त जागा अडवली होती, असे एंगल्सने त्याच्या मृत्यूनंतर लिहून ठेवले आहे.

त्याचा जावई पॉल लाफार्ग याने मार्क्सच्या खोलीचे वर्णन केले आहे. टेबलावर, शेकोटीच्या कट्ट्यावर, खुर्च्यांवर पुस्तके आणि कागद. कोणाला आवरू द्यायचा नाही. आणि मागाल ते पुस्तक हात घालून काढून देणार. माझ्यासारख्याला हे वाचून फार गोड वाटते. "पाहा, मोठ्या माणसांचेही टेबल असेच!" पण पुढचे वाचले की गोडी उतरते. हात घालून काढून देणारा माणूस १४ मार्च १८८३ रोजी वारला. मागे राहिली हस्तलिखिते : एकाच प्रकरणाचे अनेक खर्डे, अर्धी वाक्ये, आणि बहुतेकांना न लागणारे अक्षर. ते अक्षर लागणारा एंगल्स तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. काम इतके मागे आहे हे मार्क्सने त्यालाही नीट कळू दिले नव्हते; कळते तर त्याला रात्रंदिवस स्वस्थ बसू दिले नसते, असे एंगल्सने बेबेलला लिहिले. डोळे दुखू लागले, दिव्याच्या उजेडात लिहिणे बंद झाले, तेव्हा एंगल्स कोचावर पडून मजकूर सांगे आणि एक लेखनिक उतरवून घेई. दुसरा खंड १८८५ साली निघाला, तिसरा १८९४ साली. १८९५ च्या ऑगस्टमध्ये एंगल्स गेला. एका माणसाच्या अव्यवस्थेची भरपाई दुसऱ्याने आपल्या आयुष्याची शेवटची बारा वर्षे घालून केली.

मी काही मार्क्स नव्हे, आणि माझ्या सत्तावीस कामगारांना एंगल्स मिळणार नव्हता.

मला वाट दाखवली ती एका निवृत्त दिवाणजींनी. सुताच्या पेढीवर चाळीस वर्षे वह्या लिहिलेला माणूस. एरवी आम्ही टेबलाच्या दोन बाजूंचे. पण ते वाचनालयात रोज येत. माझी रड ऐकून ते म्हणाले, "तुमच्याकडं वही एकच आहे, हा घोटाळा. आमच्याकडं तीन असतात." पहिली कच्ची वही. गल्ल्यापाशी पडलेली, घडेल तसे त्यात लिहायचे : रोख आली, गाठ गेली, उधारी सांगितली. क्रम नाही, अक्षराला वळण नाही, खाडाखोड चालते. दुसरी रोजकीर्द. संध्याकाळी कच्च्या वहीवरून तारखेप्रमाणे स्वच्छ उतरायची. तिसरी खतावणी. तिच्यात ज्याचे त्याचे खाते, ज्याचे त्याचे पान. आणि रोजकीर्दीत प्रत्येक रकमेपुढे एक बारीक रकाना असतो, खातेपानाचा. ही रक्कम खतावणीच्या कोणत्या पानावर गेली तो आकडा तिथे पडल्याशिवाय नोंद पुरी झाली असे धरायचे नाही.

"गिऱ्हाइकं काय रांगेनं येतात व्हय?" दिवाणजी म्हणाले. "गर्दी आडवीतिडवीच येणार. म्हणून तर कच्ची वही. गर्दीला सरळ करायला जाऊ नका. संध्याकाळी वहीला करा."

मला वाटले हे पेढीपुरते शहाणपण असेल. पुढे वाचनात आले, की जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनचा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक गेओर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग (१७४२-१७९९) याने हीच गोष्ट अठराव्या शतकात सांगून ठेवली होती. व्यापारी कच्ची वही ठेवतात, तिच्यावरून रोजकीर्द आणि तिच्यावरून खतावणी करतात. विद्वानांनी त्यांचे अनुकरण करावे, असे त्याचे म्हणणे. स्वतःच्या वह्यांना त्याने कच्च्या वहीचेच नाव दिले होते. मौज अशी, की त्याची कीर्ती आज त्या कच्च्या वह्यांवरच आहे. खतावणी म्हणावी असा मोठा ग्रंथ त्याच्याकडून झालाच नाही.

मग आडवाटेच्या मनाची खतावणी कशी करायची? विषयवार खाते काढले तर पुन्हा जुन्या फाइलींचाच प्रकार. याचे उत्तर आणखी एका जर्मनाकडे मिळाले. निक्लास लूमान याचे नाव मी प्रथम एका अभ्यासवर्गात ऐकले. हा गृहस्थ आमच्या पंथाचा नव्हे, पण त्याची पेटी पंथापलीकडची आहे. जन्म १९२७, शिक्षण कायद्याचे, आधी सरकारी कचेरीत नोकरी, नंतर बीलेफेल्ड विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक, मृत्यू १९९८. १९५० नंतरच्या वर्षांत त्याने टिपणांच्या चिठ्ठ्या लाकडी पेट्यांत ठेवायला सुरुवात केली, आणि अखेरपर्यंत त्या सुमारे ९०,००० झाल्या. जाड कार्डे नव्हेत, साधा कागद. पाठकोरे कागदही चालत. २०११ साली विद्यापीठाने त्या पेट्या विकत घेऊन जतन केल्या.

त्याची युक्ती आकड्यांत आहे. चिठ्ठीवर एकच विचार. पहिलीला १, पुढचीला २. आता १ वाचताना एक फाटा सुचला, तर त्या चिठ्ठीला १क आकडा द्यायचा आणि ती १ च्या मागे ठेवायची. फाट्याला फाटा फुटला की १क१. दोहोंच्या मध्ये कितीही नव्या शिरू शकतात आणि जुन्यांचे आकडे बदलत नाहीत. म्हणजे चिठ्ठीची जागा विषयावरून ठरत नाही. ती कोणत्या विचारावरून सुचली त्यावरून ठरते आणि कायमची ठरते. शिवाय दूरच्या एखाद्या चिठ्ठीशी नाते दिसले, तर तिचा आकडा हिच्यावर लिहायचा. दिवाणजींचे खातेपानच ते! शेवटी शब्दांची एक सूची. पण तिच्यात प्रत्येक शब्दापुढे एकदोनच आकडे. आत शिरायला दार मिळाले की बस्स. पुढे आकडा धरून चालत राहायचे.

माझ्याच पेटीतले उदाहरण देतो. चिठ्ठी ७ : मागवाल्याची मजुरी मीटरवर ठरते. ७क : मीटर कोण मोजतो? घडीचे टेबल मालकाचे, मोजणारा मालकाचा. ७क१ : मोजमाप तपासण्याचा हक्क करारात का नाही? इथवर सरळ आहे. पण ७क लिहीत असताना मला आमच्या भागातला ऊस आठवला. शेतकऱ्याचा ऊस कारखान्याच्या काट्यावर जातो, तिथेही पैसे देणाराच वजन करतो. पूर्वी मी मजुरी टाकून उसाच्या मागे गेलो असतो. आता मी ७क वर '२३ पाहा' असे लिहिले, २३ वर काट्याविषयी चार ओळी लिहिल्या, आणि परत येऊन ७क१ पुरी केली. आडवाट बुजली नाही, तिच्यावर खूण पडली. आठ महिन्यांनी एका शेतकरी मेळाव्यात बोलायचे होते, तेव्हा २३ वरून निघालो आणि ७क वर पोचलो. शेतकरी आणि मागवाले एकाच प्रश्नावर बोलताहेत असे ते भाषण झाले.

मात्र लूमानच्या पेटीत कोणाची मुदत संपत नव्हती. हा फरक ध्यानात यायला मला दोन वर्षे लागली. पेटी जमू लागली तसा मला तिचा मोह पडला, आणि सुनावणीच्या तारखाही मी चिठ्ठ्यांवर लिहून पेटीत टाकू लागलो. एक तारीख चुकता चुकता राहिली. विचाराला घाई नसते. तो ७क वर दहा वर्षे बसून राहील. तारखेला दुसऱ्या विचाराशी नाते जोडण्याची गरज नसते. तिला फक्त पुढे येऊन उभे राहायचे असते. दोघांना एका घरात ठेवले, की विचार तारखेला झाकतो. २००८ साली तेच झाले होते.

म्हणून आज आमच्या कचेरीत तीन गोष्टी आहेत. खिशातली कच्ची वही. तिच्यात सगळे, घडेल तसे, तारीख घालून. पेटी, ती माझी. आणि तारीखवही, ती माझी नाही. ती कचेरी सांभाळणाऱ्या आमच्या अक्कांच्या ताब्यात असते. अक्का पूर्वी कांड्या भरीत, दहावी झालेल्या आहेत आणि त्यांचे मन दोरीसारखे सरळ चालते. मी रात्री जेवणाआधी कच्ची वही उघडतो आणि एकेक ओळ खतावतो : मुदत असलेली तारीखवहीत, विचार असलेला पेटीत, उरलेल्यावर काट. ओळीपुढे आकडा पडला नाही तर जेवण नाही, असा मूळचा नियम. संपाच्या दिवसांत तो पाळला जात नाही, आणि मग एक अख्खा रविवार त्यात जातो. सकाळी अक्का तारीखवही मोठ्याने वाचतात. त्यांच्या वहीतले त्या दिवसाचे काम होईपर्यंत पेटीची किल्ली मला मिळत नाही. हे कोणाला पोरकट वाटेल. वाटो.

तरुण मुले विचारतात, हे सगळे मोबाइल करतो ना? तारखांची आठवण तो उत्तम करतो. अक्कांनी त्यात तारखा घातल्याही आहेत. दुव्यांचे म्हणाल तर व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४५ सालीच अशा यंत्राची कल्पना मांडली होती, की ज्यात वाचणारा एका कागदावरून दुसऱ्याकडे स्वतःची वाट बांधून ठेवील. आज ते यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. परंतु त्यातल्या बहुतेक वाटा दुसऱ्यांनी बांधलेल्या असतात, आणि त्या कोणाच्या फायद्याच्या आहेत हे आपल्याला ठाऊक नसते. माझ्या स्वतःच्या आडवाटा मला पुरे आहेत.

आणखी एक सांगायचे राहिले. काहींच्या बाबतीत हे इतके टोकाला जाते, की नोकरी टिकत नाही, घर चालत नाही. डॉक्टर त्याला अवधानाचा विकार म्हणतात. तो मोठ्या माणसांतही आढळतो आणि त्यावर उपचार आहेत. अशाला "आळशी आहेस" म्हणून हिणवू नये, आणि माझ्या पेटीची गोष्ट सांगून त्याची वाटही अडवू नये. त्याने डॉक्टरकडे जावे. आमच्या एका तरुण कार्यकर्त्याला त्याचा उपयोग झालेला मी पाहिला आहे.

त्या मागवाल्याच्या बायकोला मी पुढे दोनतीनदा भेटलो. तारीखवही सुरू केल्याचे तिला सांगितले. ती म्हणाली, "बरं केलंसा," आणि चहा टाकायला उठली. त्यावर मी काही बोललो नाही.

आता वेळ झाली. व्याख्यानानंतर पुष्कळ जण कागद घेऊन भेटायला येतात, तसे आजही येतील. एवढीच विनंती आहे, की ते कागद माझ्या हातात देऊ नका. कागदावर तारीख घाला आणि पहिल्या रांगेत वही घेऊन बसलेल्या अक्कांच्या हाती द्या. त्या पावती देतील.